महामल्लांच्या निवृत्तीनंतर

व्यावसायिक मुष्टियुद्धाचा इतिहास चाळू लागले की, एकच भीती पिढीमागून पिढी नव्याने बोलून दाखविलेली आढळते. ती अशी की, आज जो अजिंक्य वीर हातमोजे उतरवून ठेवीत आहे, त्याच्यामागून या खेळाला कोणी वाली उरणार नाही. बारा वर्षे जगज्जेतेपद सांभाळून आणि पंचवीस वेळा ते आव्हानवीरांपासून राखून १९४९ साली जो लुई निवृत्त झाला तेव्हा ही भीती होती. एकोणपन्नास लढतींत एकदाही पराभव न पत्करता १९५६ मध्ये रॉकी मार्सियानो रिंगणाबाहेर पडला तेव्हा होती. १९८१ च्या डिसेंबरात मुहम्मद अली आपली अखेरची लढत हरला तेव्हा तर ती शोकाच्या पातळीस गेली. आणि २०१७ मध्ये पन्नासावा विजय पदरी घेऊन फ्लॉइड मेवेदर थांबला तेव्हा जाणत्यांनी पुन्हा तेच भाकीत केले. भाकीत प्रत्येक वेळी खोटे ठरले खरे, परंतु खेळ तरला एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. तो कशाच्या बळावर तरला, आणि मधल्या काळात त्याचे जे अंग झडून गेले ते कोणते, हे पाहिल्यावाचून पुढच्या काळाविषयी काही बोलणे व्यर्थ होय.

हे पाहण्यास लास वेगास किंवा रियाध येथेच जाऊन बसले पाहिजे असे मुळीच नाही. परभणी जिल्ह्यात, सेलूच्या उत्तरेस, जालना-मंठ्याकडून चारठाणा-जिंतूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यास जेथे सेलूचा रस्ता येऊन मिळतो, ते देवगाव फाटा हे ठिकाण नकाशावर शोधावेच लागेल. तथापि द्रव्यासाठी आणि नावलौकिकासाठी दोन पुरुषांनी लोकांसमक्ष झुंजावे, त्या झुंजीवर पेशा उभारावा, आणि एका वीराचा काळ सरला की दुसऱ्याची वाट पाहावी, ही सारी व्यवस्था या मुलखाने मुष्टियुद्धाच्या रूपात नव्हे तर कुस्तीच्या रूपात पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. रब्बीची ज्वारी घरात आली की, सेलू-जिंतूर तालुक्यांतील गावोगावच्या जत्रांचे दिवस सुरू होतात, आणि फाट्यावरच्या चहाच्या टपऱ्यांच्या भिंतींवर ‘भव्य जंगी कुस्त्या’ अशा ठळक अक्षरांची पत्रके लागतात. व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या भवितव्यासंबंधी मला जे म्हणावयाचे आहे त्याचे मूळ या पत्रकांत आहे.

जत्रेतील कुस्त्यांचा फड ज्याने सकाळपासून सायंकाळपर्यंत पाहिला असेल त्यास त्याची रचना सांगावी लागणार नाही. परंतु शहरात वाढलेल्या वाचकासाठी ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. नांगरून, ढेकळे फोडून, पाणी शिंपडून मऊ केलेल्या जमिनीभोवती माणसे कडे करून बसतात. हलगी आणि घुमके वाजू लागते. आणि अगदी आरंभी रेवड्यांवर व नारळावर आठ-दहा वर्षांची पोरे मातीत उतरविली जातात. त्यांच्या कुस्त्यांस कोणी तिकीट काढून येत नाही, पण त्याच पोरांचे बाप, चुलते, मामा कड्यात बसलेले असल्यामुळे त्या कुस्त्यांइतकी उत्कंठा पुढच्या मोठ्या कुस्त्यांतही कधीकधी नसते. मग इनामाची रक्कम चढत जाते. पन्नास रुपयांची, शंभराची, पाचशेची, हजाराची. एखादा मल्ल हात वर करून फडाभोवती चक्कर मारतो. जोड मिळाली की पंच दोघांचे हात हातात देतात. सलामी होते, खडाखडी होते, आणि ढाक, घिस्सा, धोबीपछाड यांपैकी काहीतरी साधून एकाने दुसऱ्याची पाठ मातीस लावली की कुस्ती निकाली होते. पाहणाऱ्यांपैकी कोणी खूश होऊन स्वतःच्या खिशातले चार पैसे विजयी मल्लाच्या हातात ठेवतो. दिवस मावळतीस आला की शेवटची मानाची कुस्ती लागते, तिच्यासाठी दूरच्या जिल्ह्यातून नावाजलेले मल्ल आणलेले असतात, आणि चांदीचे कडे, फेटा व वर्गणीतून जमविलेली मोठी रक्कम त्या एका जोडीवर लावलेली असते.

या रचनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, रेवडीवर लढणारे पोर आणि मानाच्या कुस्तीचा मल्ल हे दोघे एकाच दिवशी, एकाच मातीत, एकाच प्रेक्षकांसमोर उतरतात. पोरास आपण कोठे जावयाचे आहे हे डोळ्यांनी दिसते आणि मल्लास आपण कोठून आलो हे विसरता येत नाही. नावाजलेला मल्ल पुढच्या वर्षी आला नाही तर जत्रा कमिटीची अडचण होते, वर्गणी कमी पडते, शेवटची जोड फिकी होते. पण फड मोडत नाही, कारण त्याच्या खालच्या वीस-पंचवीस जोड्या गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या असतात.

महाराष्ट्रातील कुस्तीने आपले आश्रयदाते आणि आपले महामल्ल दोन्ही एकाच पिढीत गमावले, आणि तरीही ती का टिकली, याचे उत्तर या खालच्या जोड्यांत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायतेच्या प्रवासात रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्या नमुन्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले. १९१२ साली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने ते खुले झाले. मैदान खोलगट, प्रेक्षक चढत्या उतारावर, त्यामुळे शेवटच्या माणसासही मातीतला डाव दिसावा, अशी त्याची योजना आहे. दरबारातून मल्लांना तनखा मिळे, तालमींना दूधतुपाची नेमणूक असे, उत्तरेकडील नामांकित पहिलवान संस्थानाच्या चाकरीत राहत. सांगली, मिरज, औंध येथील संस्थानिकही आपापल्या ऐपतीप्रमाणे हा शौक करीत. याच इमामबक्षचा वडील बंधू गामा १९१० साली लंडनला गेला, स्टॅनिस्लॉस झबिस्को या पोलिश मल्लाशी सुमारे तीन तास झुंजला, निकाल न लागल्यामुळे ठरलेल्या दुसऱ्या दिवशी झबिस्को आलाच नाही, आणि १९२८ मध्ये पतियाळा येथे त्याच झबिस्कोला गामाने मिनिटाच्या आत चीत केले. मधल्या बऱ्याच काळात गामाला तोलामोलाची जोड मिळत नव्हती. वीर इतका मोठा झाला की त्याच्यापुढे उभा राहणारा कोणी उरेना, ही अवस्था वीराच्या निवृत्तीपेक्षाही खेळास अधिक घातक असते. मुष्टियुद्धात ती अनेकदा आलेली आहे.

संस्थाने विलीन झाली. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूरचे विलीनीकरण झाले आणि तनखे, नेमणुका, खासगीचा खर्च यांचे दप्तर बंद झाले. देवगाव फाट्याचा मुलूख तेव्हा नुकताच निजामाच्या अमलातून मुक्त झालेला होता. गामा लाहोरास राहिला आणि १९६० साली आजारपणात व द्रव्याच्या ओढाताणीत वारला. म्हणजे राजाश्रयाचा आणि महामल्लांचा लोप एकदमच झाला. त्या काळच्या कोणी कुस्ती संपली असे म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता. परंतु नेमक्या त्याच काळात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९४८ मध्ये लंडन येथे सहावा क्रमांक मिळविला आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठविण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. आश्रयदाता राजवाड्यातून निघून प्राचार्याच्या घरात आणि गावच्या चावडीवर आला, असे या घटनेकडे मी पाहतो. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्यास आरंभ केला. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे व १९६० मध्ये गणपत आंदळकर हे हिंदकेसरी झाले. आणि मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ साली, आमच्याच मराठवाड्यात, औरंगाबाद येथे पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरवून दिनकर दह्यारी यांस तो बहुमान दिला. या साऱ्या वरच्या इमारतीखाली जत्रेचा फड अखंड चालू होता. त्याला कोणी सनद दिलेली नव्हती, म्हणून ती काढून घेणेही कोणाच्या हाती नव्हते.

अमेरिकेत याच्या नेमके उलट घडले. जो लुईच्या निवृत्तीच्या सुमारास तेथे घरोघर दूरचित्रवाणी आली, आणि रेझर विकणाऱ्या जिलेट कंपनीच्या आश्रयाने शुक्रवारी रात्री मुष्टियुद्धे फुकट दिसू लागली. वरवर पाहता खेळाचा केवढा प्रसार झाला! परंतु त्यापूर्वी प्रत्येक शहराच्या कामकरी वस्तीत जे लहान क्लब होते, जेथे दर आठवड्यास अनोळखी तरुण थोड्याशा पैशांवर चार फेऱ्या लढत आणि हरत-जिंकत आपली विद्या पक्की करीत, ते क्लब ओस पडले. कारण घरात बसून जगज्जेता दिसत असता कोपऱ्यावरचा पोरगा पाहण्यास तिकीट काढून कोण जाणार? दूरचित्रवाणीला दर आठवड्यास नवा देखणा विजयी वीर हवा होता, आणि तो तयार होण्याची जागा तिनेच रिकामी केली होती. १९६० मध्ये ती शुक्रवारची मालिकाही बंद पडली. मुष्टियुद्धाच्या ऱ्हासासाठी लुई किंवा मार्सियानो यांच्या निवृत्तीकडे बोट दाखविण्याची सवय आहे; मला वाटते, खरे नुकसान या लहान क्लबांच्या मृत्यूने केले, आणि पुढच्या प्रत्येक महावीराच्या निवृत्तीस जी पोकळी जाणवली ती मुळात खालची होती.

तरीही अलीनंतर खेळ बुडाला नाही, याचे कारण तो जागा बदलत गेला. जडवजन गटातून लोकांचे लक्ष मधल्या वजनांकडे वळले आणि लेनर्ड, हॅगलर, हर्न्स व पनामाचा दुरान या चौघांनी आपसांत लढून १९८० चे दशक गाजविले. एकापेक्षा एक सरस असे चार प्रतिस्पर्धी एकाच वेळी असणे हे एकट्या अजिंक्य वीरापेक्षा खेळास किती उपकारक असते, हे त्यांनी दाखवून दिले. विसाव्या वर्षी १९८६ मध्ये जगज्जेता झालेला माइक टायसन १९९० साली टोकियोत अनपेक्षितपणे हरला. त्यानंतर केंद्र अमेरिकेबाहेर सरकू लागले: युक्रेनच्या क्लिच्को बंधूंनी जर्मनीतील फुटबॉलची मैदाने भरविली, फिलिपीन्सच्या मॅनी पॅक्वियाओने आठ वजनगटांत पदे मिळविली, जपानचा नाओया इनोऊए हलक्या वजनात असूनही आपल्या देशात राष्ट्रपुरुषासारखा मानला जातो, आणि आता सौदी अरेबियाच्या द्रव्यबळावर रियाध ही नवी राजधानी बनली आहे. सौदी खजिना हा मला शाहूकालीन राजाश्रयाचाच एकविसाव्या शतकातला विशाल अवतार वाटतो, आणि राजाश्रय एका हुकुमासरशी संपतो हे १९४९ साली आपण पाहिलेले आहे.

बिरुदांचा प्रश्न याहून गंभीर आहे. मुष्टियुद्धाच्या एकेका वजनगटात आज चार मान्यताप्राप्त संस्था आपापला जगज्जेता जाहीर करतात. गट सतरा, तेव्हा जगज्जेते किती होतात हा हिशेब वाचकाने करून पाहावा. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीस हरवून जडवजनातली चारही बिरुदे एकत्र केली तेव्हा लोकांस वाटलेला आनंद अभूतपूर्व होता, कारण लेनॉक्स लुईसनंतर जवळजवळ पाव शतक निर्विवाद जगज्जेता असा कोणी झालेलाच नव्हता. मोठा तारा निघून गेल्यावर खेळाकडे पाहणाऱ्या सामान्य माणसास एकच आधार उरतो, तो म्हणजे पद. आज पदावर कोण बसला आहे हे त्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तो माणसाच्या मागे जातो, आणि माणूस निवृत्त झाला की खेळाकडे पाठ फिरवितो.

हा रोग आपल्या घरातही शिरला, हे लिहिताना मनास क्लेश होतात. कुस्तीगीरांच्या संघटनांतील तंट्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पुण्याजवळच्या फुलगाव येथे सिकंदर शेख याने अंतिम कुस्तीत शिवराज राक्षे यास काही सेकंदांत चीत करून गदा घेतली. आणि थोड्याच दिवसांनी धाराशिव येथे त्याच शिवराज राक्षे याने हर्षवर्धन सदगीर यास हरवून दुसऱ्या स्पर्धेची गदा घेतली. तिन्ही मल्ल कसदार, तिघांच्याही मेहनतीविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि दोष त्यांचा मुळीच नाही. परंतु खेड्यातल्या पोराने ‘यंदा महाराष्ट्र केसरी कोण?’ असे विचारल्यावर त्याच्या वस्तादाला दोन नावे घ्यावी लागावीत, यापरता अनर्थ कुस्तीच्या वाट्यास यावयास नको होता. मुष्टियुद्धाला या अवस्थेची सवय होण्यास काही दशके लागली. आपण ती एका हंगामात आणून दाखविली.

निवृत्त वीराचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे खेळाचे भवितव्य ठरविणारे लोक क्वचितच पाहतात. मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो लुई करांच्या थकबाकीत सापडून १९५० साली पुन्हा रिंगणात आला, पुढल्या वर्षी मार्सियानोकडून मार खाऊन बाहेर पडला, आणि उतारवयात लास वेगासच्या एका जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी करीत राहिला. अलीला १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. डोक्यावरच्या आघातांनी मुष्टियोद्ध्याच्या मेंदूस होणारा विकार हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्याने १९२८ सालीच नोंदवून ठेवला होता. तरी जगज्जेतेपदाच्या लढतीच्या पंधरा फेऱ्या बारावर येण्यास १९८२ मध्ये दक्षिण कोरियाच्या डक-कू किमचा मृत्यू व्हावा लागला. अमेरिकेत अलीच्या नावाने मुष्टियोद्ध्यांना प्रवर्तकांच्या पिळवणुकीपासून संरक्षण देणारा कायदा झाला तो २००० साली, तोवर अलीची स्वतःची कारकीर्द संपून अठरा वर्षे उलटली होती. कुस्तीत हाडे मोडतात, कान सुजून गोळा होतात, गुडघे निकामी होतात. पण मल्लाची वाचा आणि स्मृती बहुधा शाबूत राहते, आणि म्हणूनच तो वस्ताद होऊ शकतो.

लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे याचे उत्तम उदाहरण. १९६९ मध्ये लातूर येथेच ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले, आणि लंगोट उतरविल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरांना घडविण्यात उरलेले आयुष्य घातले. त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातून आलेला राहुल आवारे घडला. बिराजदारांच्या निधनानंतर तो लातूरच्याच काका पवारांकडे गेला, २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. २०२० च्या जानेवारीत बालेवाडी येथे महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीस उभे राहिलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही काका पवारांच्याच तालमीतले होते. कुस्ती संपताच जिंकलेल्या हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. एका मल्लाची निवृत्ती ही दोन पिढ्यांची सुरुवात ठरली, ती अशी. मुष्टियुद्धातही हे अशक्य नाही. पॅक्वियाओस घडविणारा फ्रेडी रोच हा पूर्वीचा व्यावसायिक मुष्टियोद्धाच. पण रोचला स्वतःला कंपवात आहे, आणि शिकविण्याच्या वयापर्यंत धडधाकट पोहोचणाऱ्यांची संख्या त्या खेळात किती घटते, याचा विचार त्याच्याकडे पाहिल्यावर टाळता येत नाही.

वीर निवृत्त होत नाहीत, हा अलीकडचा नवा उपद्रव होय. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमध्ये अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन समाजमाध्यमांवर प्रसिद्धीस आलेल्या जेक पॉल या तरुणाशी दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला. त्याच कार्यक्रमात भारताचा नीरज गोयत ब्राझीलच्या एका विनोदी कलाकाराशी लढून जिंकला. २०२१ मध्ये निवृत्ती जाहीर केलेला पॅक्वियाओ २०२५ च्या जुलैत, शेहेचाळिसाव्या वर्षी, जगज्जेतेपदासाठी पुन्हा उतरला आणि लढत बरोबरीत सोडविली. त्याचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु जुन्या नावांवर एवढा पैसा मिळू लागला की, नवे नाव तयार करण्यासाठी आठ-दहा वर्षे पैसा आणि धीर गुंतविण्यास प्रवर्तक धजत नाहीत, आणि त्या वर्षांत जो मुलगा वर यावयाचा तो येत नाही.

आपल्या देशातील व्यावसायिक मुष्टियुद्धाची कथा मुंबईच्या वरळीतील वल्लभभाई पटेल स्टेडियमपासून सांगावी हे योग्य होय. तेथे पूर्वी दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना तिकिटांसाठी झुंबड उडे. १९६८ च्या मे महिन्यात दारासिंगांनी अमेरिकन लू थेझला मुंबईतच हरवून जगज्जेतेपद मिळविले. त्या खेळात झुंज किती आणि नाट्य किती याविषयी कोणी काही म्हणो, त्यावर शेकडो लोकांची पोटे चालत होती, आणि १९८३ मध्ये दारासिंग निवृत्त झाल्यावर ते सारे विरून गेले. त्या खेळाला रेवडीची कुस्ती नव्हती. कोणत्याही गावच्या पोराने दारासिंगांच्या मार्गाने जावयाचे ठरविले असते तर पहिली पायरी कोठे आहे हे त्याला कोणी दाखवू शकले नसते.

ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच वरळीच्या वास्तूत हरियाणाचा विजेंदर सिंग, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदकविजेता, चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीस हरवून आशियाई पातळीवरची दोन बिरुदे घेऊन उभा राहिला. २०१५ मध्ये व्यावसायिक होताना त्याला पहिली लढत मँचेस्टर येथे जाऊन लढावी लागली होती, कारण येथे ती लावणारे कोणी नव्हते. बारा लढती तो सलग जिंकला; तेरावी १९ मार्च २०२१ रोजी गोव्यात, पणजीच्या मांडवीत उभ्या असलेल्या जुगारजहाजाच्या गच्चीवर झाली, आणि रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत त्याला थांबविले. विजेंदरविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. त्याने दार उघडले. परंतु त्याच्या मागून त्या दारातून ज्या संख्येने तरुण यावयास हवे होते ते आले नाहीत, आणि याचे कारण त्यांच्यात कस नाही हे खचित नव्हे.

कस आहे. सेलू स्थानकावरून जी रेल्वे परभणी, नांदेड, बासर करीत पुढे जाते, जुन्या निजामशाहीच्या त्याच लोहमार्गावर निजामाबाद आहे, आणि त्या गावच्या निखत झरीनने २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये कोवळ्या वयाच्या मुलांना निवडून मुष्टियुद्ध शिकविले जाते. मुलींच्या कुस्तीलाही २०२३ च्या मार्चमध्ये सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी लाभली. प्रतीक्षा बागडी तिचे नाव. हौशी मुष्टियुद्धाचे ऑलिंपिकमधील स्थान काही काळ डळमळीत झाले होते, तेही नव्या आंतरराष्ट्रीय संघटनेस मान्यता मिळून २०२८ च्या लॉस एंजेलिसपुरते २०२५ मध्ये निश्चित झाले. हौशी खेळाडूला सैन्यात, रेल्वेत, पोलिसांत नोकरी मिळते आणि ती पेन्शनीपर्यंत पुरते. खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस खात्यात गेले तेही याच वाटेने. असली शाश्वत नोकरी सोडून व्यावसायिक व्हावयाचे तर त्या तरुणास वर्षाकाठी सहा-आठ लढती येथे, या देशात, मिळाल्या पाहिजेत. हरला तरी पुढच्या महिन्यात पुन्हा जोड लागली पाहिजे. प्रत्येक लढतीआधी व नंतर त्याच्या मेंदूची तपासणी होऊन तिचा दाखला कोणत्याही प्रवर्तकाच्या हाती नसलेल्या दप्तरात राहिला पाहिजे. आणि हरण्याजिंकण्याची नोंद ठेवणारी संस्था एकच असली पाहिजे.

यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. परभणी, अकोला, लातूर, बेळगाव अशा ठिकाणी जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात एका सायंकाळी आठ जोड्या लावण्यास लागणारा पैसा एखाद्या मोठ्या गावच्या जत्रेच्या कुस्त्यांना लोकवर्गणीतून सहज जमतो, आणि तो कसा जमवावा, जोड कशी पारखावी, पंच कोणास नेमावे, आरंभी कोणास उतरवावे आणि शेवटी कोणास, हे जत्रा कमिटीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. मुष्टियुद्धाचे प्रवर्तक अद्याप त्यांच्याकडे गेलेले नाहीत.